आसफ अली : मतपेटीपासून राजभवनापर्यंत

दर वर्षी ऑगस्ट महिना उजाडला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी फिरू लागते. ‘स्वातंत्र्यलढ्यातील मुस्लीम योद्धे’ असे तिचे नाव. अश्फाकउल्ला खान, मौलाना आझाद, खान अब्दुल गफार खान, युसूफ मेहरअली आणि त्यांच्यामागून कुठेतरी एक ओळ : ‘बॅ. आसफ अली, भगतसिंग यांचे वकील.’ एवढेच. पुढचा मेसेज येतो आणि यादी वर सरकते.

ही यादी पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्या समाजाला ऊठसूट देशप्रेमाचा पुरावा मागितला जातो, तो समाज पुरावे गोळा करतो. पण पुरावा म्हणून माणूस वापरला की त्याचे चरित्र संपते आणि फक्त नाव उरते. आसफ अलींचे तसेच झाले आहे. ते भगतसिंगांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले हे खरेच, पण त्यांच्या आयुष्यात त्याहून जास्त विचार करायला लावणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, मुसलमानांसाठी मुसलमानांनीच मत द्यायचे, अशा काळात ते दिल्लीच्या हिंदू-मुसलमान मतदारांच्या संयुक्त मतांवर निवडून आले. दोन, स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा कधी मतदारांसमोर गेले नाहीत. आधी राजदूत, मग राज्यपाल, मग पुन्हा परदेशी वकिलातीत. या दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणून हा लेख.

बिजनौर, दिल्ली, लंडन

आसफ अलींचा जन्म ११ मे १८८८ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यात, सिवहारा या गावी झाला. शिक्षण दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात. तिथून ते लंडनला गेले आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलाची वाट ठरलेली असे : बॅरिस्टरी, वकिली, जमल्यास सरकारी मानमरातब. आसफ अलीही त्याच वाटेवर होते.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटन तुर्कस्तानविरुद्ध उभे राहिले. हिंदुस्थानातल्या सुशिक्षित मुसलमानांच्या एका पिढीला या घटनेने ढवळून काढले. मौलाना मोहम्मद अली, शौकत अली, डॉ. अन्सारी, हकीम अजमल खान ही सगळी त्याच मंथनातून पुढे आलेली माणसे. आसफ अली त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतले आणि राजकारणात उतरले. खिलाफत आणि असहकाराच्या काळात ते काँग्रेसमध्ये होते. खिलाफतीची लाट ओसरल्यावर अनेक जण काँग्रेसपासून दूर गेले, काही मुस्लीम लीगकडे वळले. आसफ अली मात्र काँग्रेसमध्येच राहिले. त्यांनी वकिली केली आणि तुरुंगवासही भोगला.

१९२८ साली त्यांनी अरुणा गांगुली यांच्याशी लग्न केले. अरुणा बंगाली ब्राह्मो कुटुंबातल्या. कलकत्त्याच्या गोखले मेमोरियल शाळेत त्या शिकवत होत्या. आपल्या नामदार गोखल्यांच्या नावाची ही शाळा. नवरा चाळीस वर्षांचा, बायको एकोणीस वर्षांची, धर्म वेगळे, प्रांत वेगळे. मुलीच्या घरच्यांचा विरोध होता. आज असे लग्न झाले तर टीव्हीवर किती दिवस चर्चा चालेल याचा अंदाज वाचकांनी स्वतःच करावा. हीच मुलगी पुढे अरुणा आसफ अली या नावाने देशाला माहीत झाली आणि ते नाव तिने शेवटपर्यंत जपले.

भगतसिंगांचा खटला : खरे काय, भर काय

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब फेकले. कोणाला मारणे हा हेतू नव्हता, आवाज ऐकवायचा होता. दोघेही पळून न जाता तिथेच उभे राहिले. या खटल्यात त्यांच्या बाजूने जे वकील होते ते आसफ अली. भगतसिंग स्वतःची बाजू बरीचशी स्वतःच मांडत होते आणि आसफ अली त्यांना कायद्याचा सल्ला देत होते. ६ जून १९२९ रोजी दोघा आरोपींचे जे प्रसिद्ध निवेदन कोर्टात सादर झाले, ते आसफ अलींनी वाचून दाखवले. १२ जूनला दोघांना जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

इथे आपल्या फॉरवर्डमधली एक चूक दुरुस्त केली पाहिजे. भगतसिंगांना फाशी झाली ती या खटल्यात नव्हे. ती लाहोर कटाच्या खटल्यात, साँडर्सच्या खुनाबद्दल, वेगळ्या न्यायाधिकरणासमोर झाली आणि २३ मार्च १९३१ रोजी अमलात आली. आसफ अलींचा सहभाग सांगताना दिल्लीचा खटला आणि लाहोरचा खटला यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. त्याच फॉरवर्डमध्ये पुष्कळदा सरकारी वकिलाला आजच्या एखाद्या संघटनेशी जोडून मोकळे होतात, त्याला आधार मात्र दिलेला नसतो. समोरचे लोक इतिहास वाकवतात अशी आपली तक्रार असेल, तर आपण तो जास्त जपून सांगायला हवा. आसफ अलींनी दिल्लीत जे केले ते भर न घालताही पुरेसे मोठे आहे. अहिंसावादी काँग्रेसचा हा बॅरिस्टर बॉम्ब फेकणाऱ्या दोन तरुणांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यांचे शब्द त्याने सरकारला ऐकवले.

दिल्लीची ‘सर्वसाधारण’ जागा

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी एकाही फॉरवर्डमध्ये नसते.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. म्हणजे मुसलमानांसाठी राखलेल्या जागेवर उमेदवार मुसलमान आणि मतदारही फक्त मुसलमान. हिंदू मतदारांची यादी वेगळी. १९१९ च्या कायद्यातही हीच पद्धत चालू राहिली. यामुळे मुसलमानांना कायदेमंडळात जागा नक्की मिळत, पण एक गोष्ट कायमची सुटे. मुसलमान उमेदवाराला हिंदू मतदाराच्या दारात जावे लागत नसे आणि हिंदू उमेदवाराला मुसलमान मतदाराच्या दारात.

दिल्ली याला अपवाद होती. तिथून मध्यवर्ती कायदेमंडळावर एकच सभासद जात असे आणि ती जागा सर्वसाधारण होती. हिंदू आणि मुसलमान एकाच यादीत. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून असल्यामुळे मतदार मूठभर होते, हे विसरता कामा नये. पण ते मूठभर मतदार दोन्ही समाजांचे होते आणि दिल्लीत हिंदू बहुसंख्य होते. १९३४ च्या निवडणुकीत या जागेवर काँग्रेसने आसफ अलींना उभे केले आणि ते निवडून आले. पुढे ते कायदेमंडळातील काँग्रेस पक्षाचे उपनेतेही झाले.

या निवडीचे महत्त्व आज लक्षात येणे कठीण आहे, कारण आज सगळे मतदारसंघ संयुक्तच आहेत. पण त्या काळी दोन्ही बाजूंना असे वाटणारे लोक भरपूर होते की मुसलमानाला मत फक्त मुसलमानच देणार. आसफ अलींनी त्यावर भाषण केले की नाही हा प्रश्न गौण आहे. त्यांचे निवडून येणे हेच उत्तर होते.

नगरचा किल्ला

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड झाली. आसफ अली तेव्हा काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद होते. सर्वांना एका खास गाडीत बसवण्यात आले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यकारिणीला घेऊन गाडी पुढे अहमदनगरला गेली.

नगरचा भुईकोट किल्ला म्हटले की आपल्याला चांदबीबी आठवते. हुसेन निजामशहाने बांधलेल्या या किल्ल्यात त्या वर्षी बारा जण येऊन पडले : मौलाना आझाद, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, ओरिसाचे हरेकृष्ण महताब, आपले शंकरराव देव आणि आसफ अली. बारांपैकी तिघे मुसलमान आणि त्यांतले एक, मौलाना, खुद्द काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने बरेच दिवस जाहीरच केले नव्हते.

या किल्ल्यात पुस्तके जन्माला आली. मौलानांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे इथली. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथला. नेहरूंनी प्रस्तावनेत ज्या चार सोबत्यांचे ऋण नावानिशी मान्य केले, त्यांत मौलाना, पंत आणि नरेंद्र देव यांच्याबरोबर आसफ अली आहेत. महताब यांनी ओरिसाच्या इतिहासाचे काम इथेच केले. शेजारच्या खोलीतला हा ओडिया गडी पुढे आसफ अलींच्या आयुष्यात पुन्हा येणार होता.

नवरा किल्ल्यात गेला त्याच दिवशी बायको मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर होती. नेते पकडले गेले होते, पोलिसांनी मैदान वेढले होते. अरुणा पुढे झाल्या आणि त्यांनी तिरंगा फडकवला. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. त्यानंतर त्या भूमिगत झाल्या त्या १९४६ पर्यंत. सरकारने त्यांची मालमत्ता जप्त करून विकली आणि त्यांच्यावर पाच हजार रुपयांचे बक्षीस लावले. गांधीजींनी शरण येण्याचा सल्ला दिला, तोही त्यांनी मानला नाही. वॉरंट रद्द झाल्यावरच त्या उजेडात आल्या.

नवरा-बायकोच्या राजकारणाच्या वाटा इथून वेगळ्या होत गेल्या. आसफ अली कायदा, सभागृह आणि वाटाघाटी यांच्यावर विश्वास ठेवणारे. अरुणा समाजवादी, पुढे कम्युनिस्ट. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचे बंड झाले तेव्हा त्या नाविकांच्या बाजूने होत्या आणि काँग्रेसचे वडीलधारे नेते बंड मिटवण्याच्या. एका घरात दोन राजकारणे नांदली. मुसलमान घरातली बाई नवऱ्याच्या सावलीत असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे घर पाहावे.

लाल किल्ला आणि तीस जागा

१९४५ साली तुरुंगाबाहेर आल्यावर आसफ अलींसमोर लगेच दोन कामे उभी राहिली.

पहिले आझाद हिंद फौजेचे. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या तीन अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात लष्करी खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. काँग्रेसने बचाव समिती नेमली. तिचे निमंत्रक आसफ अली होते. मुख्य युक्तिवाद भुलाभाई देसाईंनी केला. समितीत तेजबहादूर सप्रू आणि कैलासनाथ काटजू होते, नेहरूंनीही अनेक वर्षांनी वकिलाचा झगा चढवला. शिक्षा झाली खरी, पण देशभर असा संताप उसळला की जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांना जन्मठेप माफ करावी लागली. सोळा वर्षांपूर्वी दिल्लीच्या कोर्टात दोन तरुणांसाठी उभा राहिलेला बॅरिस्टर पुन्हा एकदा बंडखोरांच्या बाजूने उभा होता.

दुसरे काम निवडणुकीचे. १९४५ च्या अखेरीस मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक झाली. मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसच्या तीस जागा मुस्लीम लीगने जिंकल्या. राष्ट्रवादी मुसलमान उमेदवारांना लोळवण्यात आले. त्याच निवडणुकीत दिल्लीच्या सर्वसाधारण जागेवरून आसफ अली पुन्हा निवडून आले. देशातल्या मुस्लीम मतदारसंघांत लीगची लाट असताना, दोन्ही समाजांच्या मतदारांनी मिळून एका काँग्रेसी मुसलमानाला पाठवले. कॅबिनेट मिशनच्या योजनेप्रमाणे दिल्लीचा कायदेमंडळातला सभासदच घटना समितीचाही सभासद व्हायचा होता. त्यामुळे आसफ अलींचा घटना समितीत बसण्याचा हक्क आला तोही याच मतपेटीतून.

‘तुम्ही कोणाचे?’

२ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार स्थापन झाले. आसफ अलींकडे रेल्वे आणि वाहतूक खाते आले. त्यांच्याशिवाय शफात अहमद खान आणि सय्यद अली जहीर हे दोन मुसलमान मंत्री होते. लीग अजून बाहेर होती. बॅ. जिनांचे म्हणणे स्पष्ट होते : मुसलमानांचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार फक्त लीगचा. काँग्रेसने मुसलमान नेमायचाच नाही. हा शब्दांचा वाद नव्हता. सरकारात जायचे ठरवले म्हणून शफात अहमद खान यांच्यावर शिमल्यात सुऱ्याने हल्ला झाला होता.

ऑक्टोबरमध्ये लीग सरकारात आली. तिच्यासाठी जागा करताना शफात अहमद खान, अली जहीर आणि शरद्चंद्र बोस यांना बाहेर पडावे लागले. आसफ अली मात्र राहिले. काँग्रेसला आपला दावा सोडायचा नव्हता की ती सगळ्यांची आहे. लीगने याला जोगेंद्रनाथ मंडल या दलित नेत्याला आपल्या वाट्यातून मंत्री करून उत्तर दिले. तुम्ही आमचा मुसलमान ठेवता, आम्ही तुमचा दलित ठेवतो.

या राजकारणात आसफ अलींची जागा कशी होती याचा विचार करा. लीग म्हणणार, हा मुसलमानांचा प्रतिनिधी नाही, काँग्रेसचा शोभेचा मुसलमान आहे. काँग्रेसमधल्या काहींच्या लेखीही त्यांचा उपयोग तेवढाच. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी शोभेच्या माणसाकडे नसते. ते दिल्लीचे होते. दिल्लीने त्यांना दोनदा निवडून दिले होते. ‘तुम्ही कोणाचे?’ या प्रश्नावर त्यांना धर्माचे किंवा पक्षाचे नाव सांगायची गरज नव्हती. मतदारसंघाचे नाव सांगता येत होते.

१९४७ च्या सुरुवातीला ते हिंदुस्थानचे अमेरिकेतील पहिले राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. पद मोठे होते, देशाची पहिली ओळख करून द्यायची होती. पण त्यासाठी मंत्रिपद सुटले, घटना समिती सुटली आणि दिल्ली सुटली. त्यांच्या गैरहजेरीतच देशाचे दोन तुकडे झाले. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्ली पेटली, जुन्या शहरातले मुसलमान पुराना किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात आसरा शोधत होते, तेव्हा त्यांचा निवडलेला माणूस सात समुद्रांपलीकडे राजदूत होता.

कटकचे राजभवन

२१ जून १९४८ रोजी आसफ अली ओरिसाचे, म्हणजे आजच्या ओडिशाचे राज्यपाल झाले. त्यांच्या आधी तिथे कैलासनाथ काटजू होते, आझाद हिंद फौजेच्या बचाव समितीतले त्यांचे सहकारी. आणि ओरिसाचे मुख्यमंत्री होते हरेकृष्ण महताब, नगरच्या किल्ल्यातले सोबती. एकाच तुरुंगात दिवस काढलेले दोघे आता एकाच प्रांताचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री होते.

प्रांत गरीब, पण काळ मोठ्या घडामोडींचा होता. १ जानेवारी १९४८ ला ओरिसातली संस्थाने प्रांतात विलीन होऊ लागली होती, पाठोपाठ १ जानेवारी १९४९ ला मयूरभंज आले. नकाशा बदलला. कटकहून राजधानी भुवनेश्वरला न्यायचे ठरून एप्रिल १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली होती, पण राज्यपालांचे निवासस्थान अजून कटकच्या लालबागेतच होते. महानदीवर हिराकूड धरणाचे काम चालू होते. या प्रांतात मुसलमान दोन टक्क्यांहूनही कमी. फाळणीला वर्ष उलटले नाही तोच तिथे मुसलमान राज्यपाल जातो, यात मतांचे गणित असण्याचा प्रश्नच नव्हता. ही नव्या देशाची भूमिका होती आणि तिचे मोल कमी लेखू नये.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ओरिसाच्या १४० जागांपैकी काँग्रेसला ६७ मिळाल्या. बहुमत हुकले. माजी संस्थानिकांचा गणतंत्र परिषद पक्ष ३१ जागांसह दुसरा आला. सर्वात मोठा पक्ष म्हणून काँग्रेसचे नवकृष्ण चौधरी मुख्यमंत्री झाले. मद्रासमध्ये त्याच वेळी राज्यपालांनी राजाजींना विधान परिषदेवर नेमून मुख्यमंत्रिपदाची वाट मोकळी केली आणि त्यावर मोठा वाद झाला. राज्यपालाच्या निर्णयाचे वजन काय असते हे देशाला पहिल्यांदा त्या वर्षी कळले. आजच्या महाराष्ट्राच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९५१ मध्ये काही आठवडे व्ही. पी. मेनन यांनी काम पाहिले तेवढे सोडले तर जून १९५२ पर्यंत आसफ अली राज्यपाल होते. त्यांच्या जागी आले न्यायमूर्ती सय्यद फाजल अली. होय, तेच फाजल अली, ज्यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारून द्वैभाषिकाची शिफारस केली आणि ज्यांचे नाव पुढे आपल्याकडच्या प्रत्येक सभेत घेतले गेले.

ओरिसानंतर आसफ अलींना स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि व्हॅटिकनसाठी भारताचे वकील म्हणून पाठवण्यात आले. एप्रिल १९५३ च्या सुरुवातीला, त्याच पदावर असताना बर्न शहरात त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट.

मे १९४९ चा तो आठवडा

आसफ अली कटकच्या राजभवनात असताना दिल्लीत घटना समितीने दोन निर्णय घेतले. दोन्ही मे १९४९ च्या अखेरीस, एका आठवड्याच्या आत.

२५ आणि २६ मे रोजी धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करायचे ठरले. स्वतंत्र मतदारसंघ आधीच गेले होते. मद्रासच्या मोहम्मद इस्माईल यांनी विरोध केला, तर बेगम एजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लीम सभासदांनीच राखीव जागा नकोत अशी बाजू मांडली. त्यामागे एक भरवसा होता : बहुसंख्य समाज मुसलमान उमेदवाराला माणूस आणि पक्ष पाहून मत देईल. म्हणजे दिल्लीत आसफ अलींच्या बाबतीत दोनदा जे घडले, ते सगळीकडे घडेल.

३० आणि ३१ मे रोजी दुसरा निर्णय झाला. राज्यपाल लोकांनी निवडायचा की वरून नेमायचा? आधीचा विचार निवडलेल्या राज्यपालाचा होता. पण निवडलेला राज्यपाल आणि निवडलेला मुख्यमंत्री यांच्यात दोन सत्ताकेंद्रे होतील, म्हणून राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल पसंत केला गेला. निर्णय योग्य असेलही. पण त्याचा अर्थ असा की राज्यपाल कोणाचाच प्रतिनिधी नसतो. त्याला कोणी निवडलेले नसते आणि त्याच्याकडे कोणाचे गाऱ्हाणे घेऊन जाता येत नाही.

पहिल्या निर्णयाने मुसलमानांना सांगितले, मतपेटीच्या दारातून या. दुसऱ्या निर्णयाने दिल्लीच्या सत्ताधाऱ्यांच्या हातात नेमणुकीचे एक दार दिले. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत काय झाले? दुसरे दार बऱ्यापैकी उघडे राहिले. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. मलबार हिलच्या राजभवनात अली यावर जंग आले, सादिक अली आले, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ आले, मोहम्मद फजल आले. सगळे मान्यवर. पहिले दारही कधी कधी उघडले. १९८० साली कोकणातले बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले, तेव्हा काही महिने राज्यपाल सादिक अली आणि मुख्यमंत्री अंतुले अशी स्थिती होती. त्याच अंतुल्यांना, मुसलमान अल्पसंख्य असलेल्या रायगड जिल्ह्याने पुढे एकाहून अधिक वेळा लोकसभेवर पाठवले. म्हणजे दिल्लीची गोष्ट महाराष्ट्रातही घडू शकते, घडली आहे.

पण २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागांवरून एकही मुसलमान निवडून गेला नाही. प्रमुख पक्षांनी उमेदवारीच दिली नाही तर मतदाराला दोष कसा देणार? मतदाराची परीक्षा घेण्यापूर्वीच पक्षांनी त्याचा निकाल लावून टाकला आहे. १९३४ साली, स्वतंत्र मतदारसंघांच्या काळातही, एका पक्षाने दिल्लीच्या संयुक्त यादीतल्या मतदारावर विश्वास टाकला होता आणि मतदाराने तो खरा केला.

कोणी म्हणेल, इतके राष्ट्रपती झाले, राज्यपाल झाले, आणखी काय हवे? याला आसफ अलींचे आयुष्य हेच उत्तर आहे. त्यांना मिळालेली सगळी पदे सन्मानाची होती. पण वॉशिंग्टनचा राजदूत, कटकचा राज्यपाल किंवा बर्नमधला वकील दिल्लीच्या गल्लीतल्या माणसाचे म्हणणे सभागृहात मांडू शकत नव्हता. ते काम दिल्लीचा निवडलेला सभासद करू शकत होता आणि तो सभासद आसफ अली एकेकाळी होते. सन्मान वरून देता येतो, प्रतिनिधित्व मात्र खालूनच यावे लागते. आपल्या समाजानेही हा फरक ओळखायला हवा. कुणाची कुठे नेमणूक झाली की आपण हार-तुरे घेऊन धावतो. वॉर्डातल्या, जिल्हा परिषदेतल्या, बिगरमुस्लीम शेजाऱ्याच्या मतावर लढायच्या निवडणुकीची तयारी मात्र आपण फारशी करत नाही. दिल्लीचा तो बॅरिस्टर हिंदू शेजाऱ्याच्या दारात मत मागायला गेला होता, हे आपणही विसरलो.

अरुणाताई हे विसरल्या नाहीत असे म्हणायला हवे. पती गेल्यानंतर पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नव्या दिल्ली महापालिकेच्या नगरसेवकांनी त्यांना शहराच्या पहिल्या महापौर म्हणून निवडले. आसफ अली ज्या शहराचे होते, त्याच शहराने. १९९६ साली त्या गेल्या, १९९७ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

दिल्लीत आज आसफ अली रोड आहे. अजमेरी गेटपासून दिल्ली गेटपर्यंत जाणारा हा रस्ता जुन्या शहाजहानाबादच्या तटबंदीच्या जागेवर आहे. एका बाजूला जुने शहर, दुसऱ्या बाजूला नवे. बँका, कार्यालये, दुकाने आणि दिवसभर रहदारी. पुढच्या ऑगस्टमध्ये ती यादी पुन्हा आली तर आसफ अलींच्या नावापुढे मी एक ओळ जोडून पाठवणार आहे : ‘दिल्लीच्या हिंदू आणि मुसलमान मतदारांनी दोनदा निवडून दिलेले.’